कपाटाची दारं

दातांच्या डॉक्टरांना स्वतःला अक्कलदाढ आलेलीच नाही, असं चिलर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं ठाम मत होतं. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात समुद्री माशांची टाकी, तिच्याखाली कपाट, आणि पाणी गार ठेवणारा चिलर त्या कपाटात कोंडलेला. का, तर पाहुण्यांना घरघर ऐकू येते. मागून भोक पाडा, निदान दारं तरी उघडी ठेवा, असं त्याने तीनदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

असलं गिऱ्हाईक त्याने केव्हाच सोडलं असतं. पण टाकीच्या उजव्या कोपऱ्यातलं हिरव्या टोकांचं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, त्याचं होतं. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून त्याने ते घरी नऊ वर्षं वाढवलं होतं. मग आईने अंथरूण धरलं, तिच्या खाटेसाठी घरातली टाकी निघाली आणि कोरल डॉक्टरांकडे गेलं. सांभाळायला, कायमचं नव्हे.

आज ते कडेने पांढरं पडलं होतं. पाणी तीस अंशांवर. हवं होतं पंचवीसच्या आसपास.

"चिलर दिवसभर चालूच असतो," डॉक्टर म्हणाले. "दुप्पट ताकदीचा घेऊ या. सगळ्यात महागडा कोणता?"

महागडा म्हणे. पाणी किती लिटर आणि ते किती अंश उतरवायचं, एवढं बघून चिलर घेतात. हा माणूस दुधाचा दात काढायलाही सगळ्यात मोठी पकड उचलत असणार.

मेकॅनिकने कपाट उघडलं तशी गरम हवा तोंडावर आली. चिलर स्वतःचीच ऊब पुन्हा पुन्हा ओढून धापा टाकत होता. जाळीवर धुळीचा थर. दर महिन्याला जाळी झाडा म्हटलं होतं. डॉक्टरांनी दारांना पॉलिश केलं होतं.

"मोठा घेतलात तर तो इथे आणखी उष्णता ओतेल. हाच पुरतो. त्याला हवा द्या."

"पण उघडं कपाट बरं दिसत नाही हो."

"मग माझं कोरल परत द्या."

डॉक्टरांनी टाकीकडे पाहिलं. "यातलं तुमचं कुठलं?"

मेकॅनिकने उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने जाळी साफ केली, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दोन्ही दारं काखोटीला मारली.

"अहो, सागवानी आहेत ती!"

"पाणी किती झालं ते रोज फोनवर सांगा. मग बघू."

डॉक्टर रोज फोन करत, दारांसाठी. मेकॅनिक फक्त आकडा विचारी. अठ्ठावीस. सत्तावीस. सहाव्या दिवशी पंचवीस.

"आता तुमचं कोरल घेऊन जा आणि माझी दारं द्या," डॉक्टर वैतागून म्हणाले. "तुमचं ते हिरवं, कोपऱ्यातलं. पुन्हा फुलतंय."

मेकॅनिकच्या घरी दारं आईच्या खाटेला टेकवून ठेवली होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं. खाट हलवली की टाकी बरोब्बर बसली असती, पण वर्षभर त्याचा हात धजला नव्हता. इतके दिवस जागा नसल्याची सबब पुढे करून तो कोरल डॉक्टरांकडेच ठेवत आला होता, आणि वर त्यांनाच नावं ठेवत होता.

"राहू द्या अजून तुमच्याकडेच," तो म्हणाला. "दारं आणून देतो. लावू मात्र नका."