पट्ट्याचं मनगट

नंदिनी मेश्राम बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सूत तपासते. संध्याकाळी कंपनीच्या बसनं हुडकेश्वरला घरी आली, चहा झाला, की ती संगणकासमोर बसते. तलवारबाजीचा एक जुना गेम आहे. हौशी लोक त्यात स्वतः केलेल्या चाली घालतात. चालीच्या फाइलीत लिहिलेलं असतं, की कोणत्या क्षणी पडद्यावरच्या बाहुल्याचं कोणतं हाड किती वळेल. गेमची नवी आवृत्ती आली, तिच्यात बाहुल्याचा सांगाडाच बदलला, आणि जुन्या चाली बंद पडल्या. नंदिनी त्या नव्या सांगाड्यावर बसवून देते.

मागच्या हिवाळ्यात ब्राझीलमधल्या एकानं तिला दहा वर्षांपूर्वीची फाइल पाठवली. नाव होतं 'पट्टा'. कोणी केली, त्यालाही ठाऊक नव्हतं. दांडपट्टा ब्राझीलहून आपल्याकडे यावा, याची तिला गंमत वाटली.

फाइल बसली, पण बिघडली. प्रत्येक वाराला बाहुल्याचं मनगट आत दुमडायचं आणि पातं त्याच्याच मांडीतून आरपार जायचं. तिनं जुनी फाइल उघडली. बोटाबोटाचे आकडे नीट भरलेले, मनगटाच्या जागी मात्र शेवटपर्यंत शून्य. नवी आवृत्ती अशा शून्यावर मनगट आपल्या मनानं वाकवत होती. पण इतकं बारीक काम करणारा माणूस मनगटच कसा विसरला?

"काहून वं, सुटीच्या दिवशी बी त्या बाहुल्याचा हात मोडून राहिली?" सिंधूताईंनी, तिच्या आईनं, विचारलं.

"मोडलेलाच आहे आई. जोडून राहिली."

प्रताप नगरातल्या एका मैदानावर धोंडबा वस्ताद रविवारी सकाळी दांडपट्टा शिकवतात, असं तिला कारखान्यातल्या एकीनं सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन गेली. सत्तरीच्या धोंडबांनी पडद्याकडे पाहिलं, मैदानाच्या कडेच्या खोलीतून खरा पट्टा आणला आणि तिच्या उजव्या हातावर चढवला. कोपरापर्यंत लोखंडाची बाही, आत आडवी मूठ.

"आता मनगट हलव."

तिनं जोर लावला. "हलत नाही, वस्ताद."

"हलनारच नाही. पट्ट्याले मनगट नसते, पोरी. खांद्यातून घे, कमरेतून घे."

दोन फेऱ्यांतच तिचा खांदा भरून आला. पण ती हसत होती. तो माणूस काहीच विसरला नव्हता!

घरी येऊन तिनं मनगटाचं आपोआप वाकणं बंद केलं. नव्या सांगाड्यात खांद्याजवळ एक हाड जास्तीचं होतं. जुन्या खांद्याचं वळण दोघांत वाटून दिलं. पातं अंगाला न लागता गोल फिरलं.

पुढच्या रविवारी धोंडबांनी ते तीनदा पाहिलं. "हात बरोबर. पाय चुकला. डावा मागंच राहून राहिला. असा माणूस पडते."

जुन्या फाइलीतही पाय तसाच होता. म्हणजे तिची चूक नव्हती.

"ज्याले हात इतका कळला, त्याले पाय काहून नाही कळला?" तिनं विचारलं.

"अर्धाच दिसला असंल त्याले," धोंडबा म्हणाले. "गर्दीच्या मागून पाह्यलं, तर कमरेखालचं काय दिसते?"

पाय दुरुस्त करावा की नाही, यावर तिचे दोन दिवस गेले. शेवटी तिनं ती चाल चुकलेल्या पायासकट ब्राझीलला पाठवली. काम दुसऱ्याचं होतं. मग फोनवर धोंडबांचे पाय चित्रित करून महिनाभरात एक नवी चाल केली आणि तीही लोकांसाठी ठेवली. ब्राझीलवाल्यानं कळवलं, त्याला पहिलीच आवडते, डोळ्यांना तिचीच सवय आहे.

जुन्या फाइलीच्या तळाशी नाव नव्हतं, नुसता एक ईमेल पत्ता होता. त्यावर नंदिनीनं एकच ओळ लिहिली: "तुम्ही पट्टा कुठे पाहिला?" उत्तर अजून आलेलं नाही.