सरी म्हणजे समजलं नव्हे

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूला पोलिसांनी नेलं तेव्हा मी डब्याच्या पोळ्या करत होते. साध्या कपड्यांतली माणसं जिना चढली आणि त्याला घेऊन उतरली. का नेताय, असं मी कन्नडमध्ये विचारलं. "चौकशी आहे, अक्का. आत जा," एवढंच उत्तर मिळालं. मुलगा जालन्याचा, इथे बंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासणारा, वयाने माझ्या मुलीएवढा. दुसऱ्या दिवशी कन्नड पेपरात 'शंकित उग्र' अशी बातमी आली, म्हणजे संशयित दहशतवादी. गल्लीत त्यातला 'शंकित' आठवडाभरसुद्धा टिकला नाही. समोरचा किराणावाला मला विचारायला लागला, "काय अक्का, तुमचा उग्र कसा आहे?"

तो खरंच कशात होता की नाही, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. भाडं वेळेवर द्यायचा आणि चपला दाराबाहेर काढायचा, यापलीकडे मी त्याच्याबद्दल छातीठोकपणे काही सांगू शकले नसते.

त्याची आई आली ती माझ्याकडेच उतरली. दुसरं कोण दार उघडणार होतं? तिचा प्रश्न एकच. "ताई, त्याने केलंय काय? कुणी सांगतच नाही." दोन वकिलांनी नकार दिल्यावर इथल्या शिवाजीनगरातली, मराठी येणारी एक वकीलबाई तयार झाली. ती त्याला तुरुंगात भेटून आली आणि म्हणाली, "त्यालाही माहीत नाही."

झालं होतं असं. अटकेची कारणं त्याला कन्नडमध्ये वाचून दाखवली. समजलं का, असं विचारल्यावर तो "सरी" म्हणाला. न्यायाधीशांपुढे पहिल्यांदा उभं केलं तेव्हाही "सरी". कागदावर आलं की आरोपीला कारणे समजली.

बंगळुरात नवा माणूस सगळ्यात आधी 'सरी' शिकतो. ठीक आहे, बरं, असू दे, चला, सगळ्याला सरी. समोरचा भराभर कन्नड बोलतोय, आपल्याला ओ की ठो कळत नाही, भांडण तर नको आहे. मग मान हलवायची आणि सरी म्हणायचं. रिक्षात चालून जातं.

"का पकडलं हे माणसाला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं," वकीलबाई म्हणाली. "तो संविधानाने दिलेला हक्क आहे. दहशतवादाचा संशय आहे म्हणून त्यातून सूट नाही. सांगितलं नसेल तर अटकच बेकायदा. पण त्याला कन्नड येत नव्हतं, हे कुणीतरी कोर्टात येऊन सांगायला हवं."

कुणीतरी म्हणजे मी. नवरा म्हणाला, "सरकारी नोकरी आहे तुझी. पेन्शन तोंडावर आलंय. कशाला ही पंचायत?"

"खोटं बोलायला बोलावलेलं नाही. येत नव्हतं त्याला."

"आणि उद्या तो खरंच तसला निघाला तर?"

"तरी येत नव्हतंच."

मी रजा टाकली आणि कोर्टात गेले.

सरकारी वकिलांनी कन्नडमध्येच विचारलं, "इतकी वर्षं इथे राहिला. दुकानात कन्नड बोलायचा ना?"

"सरी आणि स्वल्प. तेवढंच." स्वल्प म्हणजे थोडंसं.

"म्हणजे येतं."

मी पाण्याची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात पाणी सोडणारा माणूस दारात येऊन त्याला कन्नडमध्ये सांगून गेला, उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा. हा हसून सरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंगाला साबण फासून जिन्यात उभा, "काकू, नळाला काय झालं?" कोर्टात हशा पिकला. त्याची आई तेवढी गंभीर बसली होती. तिला आमचं कन्नड कळत नव्हतं.

"कळलं असतं तर बादली भरून ठेवली असती," मी म्हटलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

अटक बेकायदा ठरली. सुटकेच्या आदेशात आणखी एक वाक्य होतं, की कारणं नीट देऊन पोलीस त्याला पुन्हा अटक करू शकतात. वकीलबाईने ते आम्हाला मराठीत दोनदा समजावलं. आईचं लक्ष नव्हतं. मुलाला घालायला धड शर्ट आहे का, हे ती मला विचारत होती.

तुरुंगाच्या फाटकातून तो बाहेर आला आणि रस्ता ओलांडायच्या आत त्याला पुन्हा धरलं. या वेळी सोबत बेळगावकडचा एक अधिकारी होता, स्वच्छ मराठी बोलणारा. कारणांचा कागद मराठीत होता. शुद्धलेखनाची चूक नाही. अधिकाऱ्याने तो सावकाश वाचून दाखवला, "समजलं का?" म्हणून विचारलं, आणि एक प्रत आईच्या हातात दिली.

आईने ती उन्हात उभी राहून वाचली. बोट ओळीवर ठेवून. मग अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, हा जो दिवस लिहिलाय, बैठकीला गेला म्हणून, त्या दिवशी तो जालन्यात होता. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. औषधाचे थेंब हाच घालत होता."

"ते कोर्टात सांगा, मावशी."

"सांगितलं असतं की. आजवर कुणी दिवसच सांगितला नव्हता."

गाडी निघून गेली. कागदावरच्या बाकीच्या मुद्द्यांबद्दल सोबत आलेल्या वकीलबाईने तिला विचारलं. त्यातलं तिला काही माहीत नव्हतं, आणि मलाही नाही. दवाखान्यात कोण कोण होतं, डॉक्टर त्याला ओळखतील का, एवढं वकीलबाईने विचारून घेतलं. संध्याकाळी जालन्याच्या बसमध्ये मी आईला बसवून दिलं. डॉक्टरांनी फोटोवरून त्याला ओळखलं. खटला अजून सुरू झालेला नाही. तो आत आहे.