फाल्गुनातली मुंबई

"एक वाजला." एवढं म्हणून तो उठायचा. साहेब मजकूर सांगत असोत की समोर कोणी खेड्यातला माणूस हात जोडून उभा असो, ह्याचा टाक दौतीत आणि हा डब्यापाशी. ज्वारीची भाकर, एखादी पालेभाजी, वाटीभर ताक. साहेब एकदा तापले, "जेवण काय पळून चाललं का?" हा शांतपणे म्हणाला, "जेवण नाई साहेब, वेळ." पुढे साहेबही एक वाजताच जेवायला लागले.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी शेजारी. तुम्ही कुठल्याही कचेरीत काम केलं असेल तर ठाऊकच असेल, तिथे तंबाखूची डबी आधी फिरते, फाइल मागून. डबी जवळ आली की हा दोन्ही हात पाठीमागे न्यायचा. रोज सकाळी घाटाच्या तोंडापर्यंत चालत जायचा, रात्री नऊच्या ठोक्याला अंथरुणात. पंचविशीतला पोरगा, आणि ही तऱ्हा!

"काऊन बे, शंभर वर्सांचा ठेका घेतला काय?" आम्ही चिडवायचो.

"तसं नाई भौ. जितकं हाये तितकं नीट वापरतो."

दरवर्षी फाल्गुनात चार दिवसांची रजा टाकून तो मुंबईला जायचा. "मामाकडे," म्हणायचा. मग काय, कचेरीत हशा! मामाची पोरगी कशी हाये, लाडू कधी देतो, एक ना दोन. तोही हसायचा, आणि येताना सगळ्यांसाठी हलवा आणायचा.

एकदा सकाळी मीही त्याच्याबरोबर चालायला गेलो. घाटाच्या तोंडाशी बसलो. त्यानं सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण काढलं. भर उन्हाळ्यातसुद्धा ते लावलेलं असायचं. मानेच्या एका बाजूची कातडी काळपट, ताणलेली, मध्ये जुना व्रण. सतराव्या वर्षी मानेत गाठी आल्या होत्या. मुंबईत एक कापून काढली आणि मग कित्येक दिवस विजेचा, म्हणजे किरणांचा, शेक दिला. 'कॅन्सर' हा शब्द त्यानं सरळ उच्चारला. आमच्याकडे लोक 'तो रोग' म्हणत, तेही आवाज खाली आणून.

"मुंबईत मले मामा-बिमा कोणी नाई भौ. दरसाल डॉक्टरले मान दाखवा लागते. वार्डात माह्यासंगं चार पोरं होते. मी एकटा वापस आलो."

माझे डोळे भरून आले. कोणाला सांगणार नाही, अशी त्याच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. ती मेली शपथ मी पाळली. फार चांगली पाळली.

मला सोयरिकी जुळवायची भारी हौस. ह्याच्यासाठी रोहिणखेडकडची एक मुलगी पाहिली. बाप वांगी-मिरची पिकवणारा, सरळ माणूस. आम्ही दोघं मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, सुपारी झाली, आणि कॉलरीवर डोकावणारा काळपट डाग पाहून बापानं सहज विचारलं, "बापू, मानेले काय लागलं?"

ह्यानं सांगायला तोंड उघडलं होतं. मी पाहिलं होतं. तरी मीच मध्ये पडलो, "लहानपणी बैलानं शिंग मारलं हो! नशीब, जीव वाचला." सगळे हळहळले. मुलीनं दाराआडून त्याच्याकडे पाहिलं.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "भौ, मले सांगू द्यायचं होतं. ज्यायची पोरगी आणतो त्यायले माहीत पाहिजे."

"अन् मंग तुले पोरगी कोण देईन? रोग गेला न? मंग गेला!"

तो रोग होऊन गेलेल्या घरी लोक पाणी प्यायला कचरत, मुलगी कुठली देतात! मला वाटत होतं, मी त्याचं भलं करून राह्यलो.

लग्न वैशाखात ठरलं. फाल्गुन आला तसा होणारा मेहुणा म्हणाला, मीही येतो, तुमच्या मामाचं घर पाहू, मुंबई पाहू. आली का पंचाईत! मी म्हटलं, "यंदा राहू दे. एका सालानं काय होते?" पुढच्या फाल्गुनात बायको म्हणाली, मलेही समुद्र दाखवा. तिला कुठल्या मामाकडे नेणार? पुन्हा मीच सांगितलं, राहू दे. एक थाप मारली आणि त्या पोराची मुंबईची वाट मी बुजवून टाकली.

संसार मात्र दृष्ट लागावी असा. एकच्या आत ती स्वतः डबा घेऊन यायची. तो जरा अंगानंही भरला. आणि तिसऱ्या फाल्गुनाच्या आधी, त्याच्या डोक्याला तेल लावताना तिच्या बोटांना मानेत गाठ लागली. ती हसतच आमच्या घरी माझ्या बायकोला सांगत आली, "उशी बदलावी लागते वहिनी, यायची मान धरली." मी ते ऐकलं आणि तसाच त्याच्या घराकडे निघालो.

कचेरीचं काम आहे असं तिला सांगून आम्ही दोघं मलकापूरहून गाडीत बसलो. डॉक्टरांनी मान, काखा, पोट दाबून पाहिलं, जुने कागद काढले. "दोन वर्षं कुठे होता? दरवर्षी या म्हणून सांगितलं होतं ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कामात राहून गेलं साहेब," म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. बैल रचताना कशी जीभ चालली होती माझी! तिथे 'चूक माझी आहे' एवढंही म्हणवलं नाही.

पुन्हा शेक दिला. ह्या वेळीही तो वापस आला, पण थोड्याच महिन्यांसाठी. बायकोला त्यानं सगळं सांगितलं, माझं नाव तेवढं गाळून.

तेरावं झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मी उंबऱ्याशीच बसलो आणि सांगून टाकलं, "बैलाचं मी रचलं होतं, वहिनी. तो खरं सांगणार होता. तुम्ही नाही म्हणाल म्हणून मीच त्याला थांबवलं."

तिचा हात सुपात थांबला. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मले इचारलं होतं काय कोणी? दाराआडून पाह्यलं तवाच मी मनात हो म्हटलं होतं. मले सांगतलं असतं भाऊजी, तं दर फाल्गुनात मीच त्यायले हाताले धरून मुंबईले नेलं असतं."