बंद पडायची वाट

यंत्र बंद पडल्यावर ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. पंखा थांबला तर आपण वैतागतो. साडू त्याच्याखाली खुर्ची ओढून बसतात. एकदा आमच्या राजारामपुरीतल्या घरी पंखा थांबला. मी स्टुलावर चढून त्याला एक थापड मारली, तसा तो फिरू लागला. मी विजयी मुद्रेनं खाली उतरलो. साडूंचा चेहरा मात्र घरात मयत झाल्यासारखा झाला. "घालवलासा की पुरावा," ते म्हणाले. "आता का थांबलता ते कसं कळायचं? आपोआप बरा झालेला रोग म्हंजे दडून बसलेला रोग." पुढचा अर्धा तास ते, पुन्हा थांबेल या आशेनं, वर बघत बसले. चहा गार झाला. पंख्यानं दाद दिली नाही.

पोटापाण्यासाठी ते एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होते. म्हणजे ज्यांच्या नावामागे डॉक्टर लागतं अशा लोकांनी बिघडवलेली यंत्रं नीट करायचे. खरं काम घरी चाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांना एक फुकटची संगणकप्रणाली मिळाली. तिचा आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, जगभरची माणसं एकमेकांना ई-मेलनं दुरुस्त्या पाठवून लिहीत होती. त्या सुमारास कोल्हापुरात एक स्वस्त नेटवर्क कार्ड खूप खपलं होतं. दोन संगणक तारेनं जोडायचे तर हे कार्ड लागतं, आणि कार्डाचं बोलणं गाभ्याला समजावणारा एक दुभाषी प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या कार्डाचा ड्रायव्हर अगदीच कच्चा होता आणि कार्ड बनवणारा कारखाना बंद पडलेला. साडूंनी एक दुरुस्ती पाठवली, मग दुसरी, मग सातवी. तो ड्रायव्हर सांभाळणारा परदेशी गृहस्थ शेवटी कंटाळून म्हणाला, आता तुम्हीच बघा. निवडणूक नाही, शाल नाही, श्रीफळ नाही, आणि आमचे साडू त्या ड्रायव्हरचे जगातले एकमेव पालक झाले. मी इतिहास शिकवतो. इतक्या शांततेत झालेलं दुसरं सत्तांतर मला ठाऊक नाही.

त्या जगातली माणसं फार तिखट लिहीत. साडूंना ते मानवलं. एक दिवस ते छापून आणलेला ई-मेल घेऊन आनंदानं आमच्याकडे आले. "हे बघा. मला मूर्ख म्हटलंय."

"अहो, मग यात आनंद कसला?"

"का मूर्ख, ते खाली अकरा ओळीत लिवलंय. आमचे प्राचार्य नुस्तं मूर्ख म्हणत्यात. कारण कधी देत न्हाईत."

मी ते पत्र दोनदा वाचलं. कारणं खरोखर पटण्यासारखी होती.

तिथला आणखी एक नियम त्यांनी घरातही आणला: एका वेळी एकच बदल. मेहुणीनं एकाच दिवशी नवी चहापत्ती आणली आणि नवा दूधवालाही लावला. चहा बिघडला. साडूंनी पहिल्या दिवशी जुनी पत्ती आणि नवं दूध, दुसऱ्या दिवशी नवी पत्ती आणि आधीच्या दूधवाल्याचं दूध असा प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी दोष चहाच्या गाळणीत निघाला. मेहुणी मला म्हणाली, "दाजी, ह्यांच्याबरोबर संसार म्हंजे रोजची परीक्षा. आणि पेपर तपासणारंबी हेच."

मग एक दिवस खरी परीक्षा त्यांचीच आली. त्यांच्या ड्रायव्हरमुळे कधी कधी संगणक अचानक गोठतो, अशी तक्रार फिनलंडमधल्या एका शाळामास्तरानं केली. नेटवर्कचा विभाग सांभाळणाऱ्या मुख्य माणसानं साडूंना कळवलं, की पुढच्या आवृत्तीपर्यंत दोष सापडला नाही तर हा ड्रायव्हर गाभ्यातून काढून टाकू. साडूंच्या घरी तेच कार्ड निमूटपणे चालत होतं. चांगलं चालणाऱ्या कार्डावर इतका चिडलेला माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात त्यांना आठवलं, की शिरोळकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत आपणच ही प्रणाली बसवली आहे, आणि दुधाच्या काट्याजवळचा संगणक आतल्या सचिवांच्या संगणकाला तेच कार्ड घालून जोडला आहे. फोन केला. सचिव म्हणाले, "आठवड्यातनं दोनदा तरी अडकतंय." साडूंनी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि रोज एसटीनं तिथं जाऊन संगणकासमोर बसू लागले. दहा दिवस गेले. संगणक एकदाही अडकला नाही.

रविवारी दोघी बहिणी वाडीला दत्तदर्शनाला निघाल्या, तेव्हा कुतूहलापोटी मी साडूंबरोबर दूध संस्थेत उतरलो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवून विचारलं, "काय सायेब, रोज येतासा, मशीन नीट कराय व्हय?"

"न्हाय. बंद पडायची वाट बघाय लागलोय."

"चालू हाय की पण."

"तेच तर दुखणं हाय."

म्हातारा माझ्याकडे वळला. "ह्यांच्या घरचं कोण हाय का बरोबर?"

"मी साडू त्यांचा."

"मग बसा तुमीबी."

संस्थेचे चेअरमन मात्र खूश होते. "तुमी आल्यापास्नं एकदा बंद पडलं न्हाय बघा. तुमचा फोटोच लावतो हितं."

मी बसून पाहत होतो. रांग इतकी शिस्तीची, की मला आमच्या कॉलेजची लाज वाटली. एकाचं दूध मोजलं जाई, पावती निघे, आतल्या संगणकावर सचिव ती नोंद बघत, मग दुसरा पुढे सरके. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "शिस्त चांगली आहे तुमच्याकडे."

तो हळूच म्हणाला, "सायेब तपासणीला बसल्यात न्हवं दहा दिस. एरवी हितं बघा, तुडवातुडवी असती."

साडूंनी ते ऐकलं आणि ताडकन उठले. "मी सायेब न्हाय! रोजच्यासारखं करा!"

"सायेब लोक असंच म्हणत्यात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि रांग आणखी सरळ झाली.

साडूंनी एक क्षण विचार केला. मग म्हाताऱ्याची किटली उचलली, आणि रांग मोडून थेट काट्यापाशी घुसले. पुढच्याच क्षणी सबंध गावाला कंठ फुटला. "ओ सायेब, लाज हाय का?" "माझा नंबर हाय!" चार किटल्या एकदम पुढे आल्या, मोजणारा पोरगेलासा कारकून पावतीची वाट न बघता बटणं दाबत सुटला, आत सचिव कुणाचं तरी भांडण मिटवायला जुन्या नोंदी काढू लागले, आणि काट्याजवळचा संगणक गोठला.

"कुनी हात लावू नगा!" साडू ओरडले. असा आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. "दूध नासंल की," लोक म्हणत होते, आणि ते पडद्यावर अडकून राहिलेले कार्डाच्या आतले आकडे वहीत उतरवत होते.

परतीच्या एसटीत त्यांनी मला समजावलं. तारेवरून मजकूर तुकड्यातुकड्यानं येतो, त्या तुकड्याला पाकीट म्हणतात. कार्ड 'पाकीट आलं' असं सांगतं, आणि ड्रायव्हर ते उचलत असतानाच दुसरं पाकीट आलं, तर त्याची दखल राहून जाई. मग कार्ड बसे ड्रायव्हरच्या वाटेकडे डोळे लावून, आणि ड्रायव्हर कार्डाच्या. लग्नात दोन्हीकडची माणसं 'त्यांनी आधी जेवायला बोलवावं' म्हणून उपाशी बसतात, तसं. ती दखल विसरणारी प्रोग्रॅममधली ओळ कुणाची होती, हेही त्यांनी शोधलं होतं. त्यांचीच होती. दुरुस्ती पाठवताना त्यांनी पहिल्याच वाक्यात लिहिलं, चूक माझी. मी आयुष्यात बरीच अध्यक्षीय भाषणं ऐकली आहेत. त्यांत हे वाक्य कधी ऐकलं नाही. ड्रायव्हर वाचला. फिनलंडच्या मास्तरानं आता सगळं ठीक चालतं असं कळवलं.

पुढे काही वर्षांत नेटवर्कची सोय संगणकातच येऊ लागली आणि वेगळं कार्ड कुणी घेईना. दूध संस्थेनंही नवे संगणक आणले; चेअरमननी फीत कापली. एके दिवशी ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्यानं साडूंचा ड्रायव्हर काढून टाकणारी दुरुस्ती पाठवली आणि त्यांची संमती मागितली. साडूंनी सगळ्यांना विचारलं, कुणी वापरतंय का? आठ दिवस थांबले. कुणीच उत्तर दिलं नाही. मग त्यांनी ती दुरुस्ती ओळन् ओळ तपासली, एका ठिकाणी एक संदर्भ काढायचा राहिला होता तो दाखवून परत पाठवली, आणि नीट होऊन आल्यावर संमती दिली.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वापरणारं कोण राहिलं न्हाय, तर तेवढ्या ओळी दुसऱ्यांनी वाचायच्या कशाला?"

मग त्यांनी मला पडद्यावर एक लांबलचक यादी दाखवली. गाभ्याचा कुठला भाग कोण सांभाळतं, त्यांची नावं. एका ठिकाणी बोट ठेवून ते म्हणाले, "हा ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या खाली हा जपानचा. नऊ वर्सं ह्या दोघांच्या मधी मी होतो." त्यांच्याशी कधी बोलणं झालं होतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, कामच पडलं नाही.

त्यांनी बोट त्या दोन ओळींच्या मधल्या फटीवर सरकवलं. "आता एकमेकाला लागूनच आलं की दोघं," ते म्हणाले. "वळखत असतील काय हो?"