वैशाखातला हीटर

मंगळवारी दुपारी काका गेले. ते गाडीत बसले होते. काचा बंद होत्या आणि हीटर चालू होता.

नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच काका म्हणत. फौजेत ड्रायव्हर म्हणून त्यांनी उमर काढली होती, बरीचशी लडाखात. निवृत्त झाल्यावर लिलावातून त्यांनी फौजेचीच एक जुनी जीप आणली. इंजिन बंद असतानाही डिझेल जाळून आतली हवा तापवणारा हीटर तिच्यात होता. त्याचा पंप मात्र गेलेला होता.

रिकाम्या जागेशी अदबीनं वागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका जीपच्या डाव्या सीटवर कुणाला बसू देत नसत. मी पुढचा दरवाजा उघडला की म्हणत, "मागं बसा सर. तिथं माणूस हाय." बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, इतकं सहज. वळणावर त्यांचा डावा हात आपोआप आडवा होई, शेजारचा कुणी पुढे आपटू नये म्हणून.

एकदा ते नसताना मी त्या सीटवर माझ्या शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं ठेवली. चैत्रातलं ऊन होतं. पुस्तकं उचलली तेव्हा ती विहिरीतून काढल्यासारखी गार होती.

त्या सीटवरचा माणूस शहागडकडचा, त्यांचा फौजेतला जोडीदार. लडाखात एका रात्री बर्फानं रस्ता बंद झाला म्हणून दोघं गाडीतच राहिले होते. हीटरला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची टिकटिक चालू होती तोवर ऊब होती. काकांचा डोळा लागला.

"टिकटिक थांबली, अन् मला कळलंच न्हाई सर," ते एकदा म्हणाले. "उठलो तर त्याचं कांबळं माझ्या अंगावर. त्यानंच टाकल्तं, अन् तो गारठून गेल्ता."

नवा पंप दिल्लीहून आला तो ऐन वैशाखात. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "बाहेर आग पडून राह्यली, अन् ह्यांना शेकोटी पाह्यजे." मेकॅनिकही हसला. असला पंप त्यानं कधी पाहिला नव्हता. ट्रॅक्टरच्या सवयीनं त्यानं तो आडवा बसवला. टिकटिक सुरू झाली, पण आत हवा अडकली आणि डिझेल पुढे सरकेना. शेवटी काका लुंगी खोचून गाडीखाली शिरले आणि पंपाचं तोंड वर करून त्यांनी तो तिरपा कसला.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मेकॅनिकनं विचारलं.

"त्याला एकदा घाम फुटू दे," काका म्हणाले. "मंग मी मोकळा."

मेकॅनिक गेला. मी मागच्या सीटवर बसलो. हीटर पेटला, गरम वारा आला आणि माझा सदरा अंगाला चिकटला. तेवढ्यात डाव्या काचेवर आतून वाफ धरली. श्वास सोडल्यावर उमटतो तसा तळहाताएवढा डाग. तो विरला. पुन्हा उमटला.

काकांनी तिकडे पाहिलं. "बराबर," ते हळूच म्हणाले. मग मला म्हणाले, "तुम्ही जा सर. आम्हाला जरा वेळ लागंल."

थोड्या वेळानं काकूंची हाक आली तेव्हा मी धावलो. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्या भट्टीत काकांचा शर्ट कोरडा होता. डाव्या सीटची पाठ घामानं चिंब भिजली होती.

गाडी अंगणातच आहे. काकू ती विकत नाहीत. डावी सीट आता बाकीच्या सीटांसारखीच उन्हानं तापते.