लॉनवरची पावलं

आज सकाळी इथे कॅनडात, व्हिटबीत पहिला फ्रॉस्ट पडला. खिडकीतून पांढरं झालेलं लॉन दिसलं आणि सात-आठ वर्षांपूर्वीचे बाबा आठवले.

साताऱ्याहून ते आमच्याकडे राहायला आले होते. परत जायच्या आदल्या दिवशी उठून बघते, तर बाबा मागच्या लॉनवर अनवाणी! दवात चाललं की डोळ्यांना थंडावा मिळतो, म्हणून त्यांचा हा रोजचा नेम.

"काय दव पडलंय गं! पाय नुसते बधिर झाले," ते खुशीत ओरडले.

"बाबा, दव नाही, फ्रॉस्ट आहे तो! गोठलेल्या गवतावर चाललं की ते जळतं. आत या आधी!" उन्हाळाभर जपलेलं लॉन ते. मी चिडलेच.

बाबा विमानात बसले, आणि मग गवतावर त्यांची तपकिरी पावलं उमटली. मागच्या दाराच्या डेकपासून मेपलच्या झाडापर्यंत आणि परत.

"गवताचं सीड टाकू या का थोडं?" नवऱ्याने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

रोज सकाळी चहा घेऊन मी ती पावलं बघत उभी राहायचे. आता बाबा नाहीत, आणि लॉन कसं एकसारखं पांढरं आहे. पण त्या वर्षी बर्फ पडेपर्यंत ते आमच्याकडेच होते.