घाटात घातलेला ट्रक

आमच्या घरी ट्रक आला तेव्हा गावात दुसरा ट्रक नव्हता, आणि त्याला चालायला रस्ताही नव्हता. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, सडकेपासून आत. बैलगाडीची वाट होती, पण तिच्या चाकोऱ्या बैलगाडीच्या मापाच्या. ट्रकचं एक चाक चाकोरीत बसलं की दुसरं कडेवर चढायचं आणि आत बसलेलं माणूस दारावर आपटायचं. आत बसलेलं माणूस म्हणजे मी.

माझे मालक लढाईत लष्कराचे ट्रक चालवून आले होते. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी लिलावात घेतला. चारही चाकांनी ओढणारा होता. कांदा-बटाट्याच्या दिवसांत पुण्याला माल न्यायचा, एरवी दारात उभा. मालकांचं म्हणणं असं की, रस्त्यावर चालणारे ट्रक पुष्कळ आहेत. रस्ता नाही तिथे जो जाईल त्याला काम मिळेल. दगड, वाळू, मुरूम, सगळं रस्ता नाही तिथेच असतं. हे खरं होतं. म्हणून माल नसला की आम्ही वाईट जागा शोधायला निघायचो. लोक गुराख्याला चांगली वाट विचारतात. मालक विचारायचे, गाडी कुठे अडकते, आणि तिकडेच ट्रक वळवायचे.

मला नेत, कारण काम दोन माणसांचं होतं. मी पहार घेऊन पुढे चालायची. पहार मारायची, टाच दाबायची, खाली ओल आहे का बघायची, मग हात वर करायचा. चढावर ट्रक थांबला की मागच्या चाकाला दगड लावायचा. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात हे नव्हतं, पण अवघडही नव्हतं. काळी जमीन वरून भेगाळलेली असली तरी आत लोण्यासारखी निघते. मुरूम असला की पहार खणकन वाजते.

भोसरीच्या माळावर ट्रक चांगला चालायचा. तेव्हा तिथे कुसळं आणि ससे होते. दिघीच्या बाजूला एकदा छान चढ सापडला, पण तो लष्कराच्या हद्दीत निघाला. पहारेकऱ्याने आधी ट्रक बघून सलाम ठोकला, मग मला बघून दोघांना हाकललं. नदीच्या पात्रात एकदा दुपारभर अडकून पडलो. ते मालकांना आवडलं. सगळ्यांत चांगली जागा ओढ्यापलीकडच्या टेकडीवर सापडली. तांबडा, कडक मुरूम. बैलगाडी तिथे चढत नसल्यामुळे तो तसाच पडून होता. मालक म्हणाले, ही जागा ध्यानात ठेव. मी ठेवली.

आता घाटाचं सांगते. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. खाली बैल सोडायचे, ते वर निशाणापर्यंत पळत जातात. चैत्रात भैरोबाच्या जत्रेला शर्यत असते. घाटावर गुरं चारत नाहीत. खडा दिसला तर वाकून उचलतात. आणि बाईने घाटात पाय ठेवायचा नाही. का, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

त्या वर्षी मामंजींची जोडी पहिल्यांदाच पळणार होती. वासरं असल्यापासून त्यांनी ती वाढवली. कधी नांगराला लावली नाही. घरातल्या दुधात पहिला वाटा बैलांचा, उरलं तर पोरांचा. मामंजींनी स्वतः चहात दूध घालणं सोडलं होतं.

जत्रा तोंडावर आली आणि मालकांच्या मनात आलं की, रूळ फिरवला की सडक घट्ट होते, तसा ट्रक फिरवला की घाट घट्ट होईल. गाव खूश होईल, ट्रकला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद होतील. शिवाय एवढा सरळ चढ पंचक्रोशीत दुसरा नव्हता. हे शेवटचं कारण त्यांना आधी सुचलं असणार.

दुपारी आम्ही घाटाच्या पायथ्याशी गेलो. दुसरी कुठलीही जागा असती तर मी पहार घेऊन उतरले असते. पण बाईने घाटात पाय ठेवायचा नाही. ट्रकमध्ये बसून गेलं तर चालतं का, यावर नियम नव्हता, कारण आधी ट्रकच नव्हता. मी बसून राहिले, पहार मांडीवर घेऊन.

आदल्या दिवशी, आम्ही पुण्याला गेलो असताना, गावाने चोपणीसाठी घाटावर पाणी मारलं होतं. वरची कातडी उन्हाने वाळली होती, आत सगळा चिखल. ट्रक खालीच रुतला असता तर बरं झालं असतं. तो चढला. थेट निशाणापर्यंत गेला. मालक उतरले, त्यांनी मागे बघितलं आणि बराच वेळ खिशात काडेपेटी शोधत राहिले. काडेपेटी हातातच होती. खालपासून वरपर्यंत दोन खोल चर पडले होते.

पंच पारावर बसले. जत्रेपर्यंत घाट होता तसा झाला नाही, तर आमच्या घरच्या बैलांना शर्यतीत उतरू देणार नाही, असं ठरलं. मामंजी ऐकून घरी आले, बैलांना पाणी पाजलं आणि मुलाला एवढंच म्हणाले, "माझं बैल न्हाई पळालं, तर तुझा टरक ह्या दारात दिसायचा न्हाई."

जवळच्या मातीने चर भरून भागणार नव्हतं. ती बसायला एक पावसाळा लागला असता. कडक मुरूम हवा होता. मालकांनी पंचांना टेकडीची जागा सांगितली. सगळ्यांत म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "तितं गाडी चढती व्हय?"

"टरक चढतो."

"ते बघितलं आमी," पंच म्हणाले.

ट्रक पायथ्याशीच थांबेल या अटीवर परवानगी मिळाली. आम्ही खेपा सुरू केल्या. पण मुरूम घाटात वाहायला माणसं नव्हती. निम्मे गडी कांदा काढण्यात, बरेचसे पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर. मग गावातल्या बायका पाट्या घेऊन आल्या. भरायचं, डोक्यावर घ्यायचं, चरात ओतायचं. पाय कुठे ठेवतो याबद्दल कोणी काही बोललं नाही. ते म्हातारे पंच तर आम्हाला मधूनमधून पाणी देत होते.

पाणी मारून, चोपून घाट सपाट झाला. तरी म्हाताऱ्या पंचांचं समाधान होईना. मी पाट्या गोळा करत होते. त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तुजी ती पहार आण. खाली ओल हाय का बग."

"मी घाटात कशी येऊ?" मी म्हटलं. मी घाटाच्या मधोमध उभी होते.

पंचांनी माझ्या पायांकडे बघितलं. "आलीयास तर बग," ते म्हणाले.

मी खालपासून वरपर्यंत पहार मारत गेले. मामंजी कडेने, माझ्या बरोबरीने चालत होते आणि प्रत्येक ठोक्याला थांबत होते. दोन ठिकाणी आवाज बसका आला. तिथे पुन्हा उकरून मुरूम भरायला लावला. मग सगळीकडे खणकन वाजलं. मी हात वर केला. मामंजी घरी गेले आणि बैलांना अंघोळ घालायला लागले.

जत्रेच्या दिवशी आम्ही बायका नेहमीसारख्या लांब चिंचेखाली उभ्या राहिलो. तिथून बैल दिसतात, पण कोणाचे ते कळत नाही. आमचे बैल मधल्यामध्ये कुठेतरी आले. पण पळाले, सरळ पळाले, निशाणापर्यंत. मामंजी अंगभर भंडारा घेऊन घरी आले. ट्रकजवळ थांबले, चाकाला लागलेला मुरूम नखाने काढला आणि म्हणाले, "घाट बरा झालाय." मालकांना वाटलं, अजून काही बोलतील. ते बैलांकडे गेले. ट्रक दारात राहिला.

पुढच्या फाल्गुनात पंचांचा निरोप आला. ट्रकने मुरूम आणा आणि पहारवालीला बरोबर आणा. तेव्हापासून ट्रक मोडीत जाईपर्यंत दर साली मी जत्रेआधी एक दिवस घाटात असायची, आणि जत्रेच्या दिवशी चिंचेखाली.